दहा मीटरवरचा दाब

९ जानेवारी

बेडके,

फोनवर काही विचारलं की तू "हो ना", "बघू" नाहीतर "चालतंय की" यांतलं एक म्हणतेस आणि तेवढ्यात तुझ्या बेटावरची रेंज जाते. म्हणून कागद घेतला. कागदावर विचारलं की उत्तर देणं भाग पडतं.

पहिली बातमी म्हणजे मी निवृत्त झाले. खात्यातल्या मंडळींनी मागे रेलणारी खुर्ची दिली, पाय ठेवायला फळी असलेली. दोन दिवस तिच्यात बसून पाहिलं. तिसऱ्या दिवशी उठले ती दुसरी बातमी घेऊनच. मला पाण्याखाली जायचंय. तुझ्यासारखं, पाठीवर टाकी बांधून.

हसून झालं असेल तर पुढे वाच. बत्तीस वर्षं मी एका टेबलाशी बसून कारखान्यातले दाब मोजायचे गेज तपासले. बॉयलरचे, पंपांचे, गॅसच्या टाक्यांचे. यंत्रावर गेज चढवायचा, पितळी चकत्या एकेक ठेवत दाब वाढवायचा, काटा खरं बोलतो की थापा मारतो ते बघायचं, आणि खरं बोलत असेल तर माझ्या सहीचं लेबल चिकटवायचं. दाब हा शब्द मी नवऱ्याच्या नावापेक्षा जास्त वेळा लिहिला असेल. पण तो अंगाला कसा लागतो ते मला ठाऊक नाही. आपल्या डोक्यावर जेवढं आकाश आहे, तेवढ्या सगळ्याचा जो भार, तेवढाच आणखी एक भार नुसत्या दहा मीटर पाण्यात असतो म्हणे. दहा मीटर म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली भाजी आणायला उतरते तेवढं. हे मला स्वतः जाऊन बघायचंय.

आता प्रश्न. कानाला नक्की काय होतं? दाढेत सिमेंट भरलेलं असलं तर? खाली शिंक आली तर ती कुठे जाते? मासे आपल्याकडे बघतात की आपल्यातून आरपार बघतात? आणि खाली रडू आलं तर कळतं का?

पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. लहानपणी तू टबातून बाहेर निघायची नाहीस आणि मी टबात पाय घालायची नाही. पण मे महिन्यात यायचं म्हणते, म्हणजे हातात चार महिने आहेत. तुझ्या बाबाला सांगितलं. तो आधी हसला, मग बराच वेळ काही बोलला नाही. लहान भाऊ आहे, काळजी करणारच.

उत्तर लांबलचक पाहिजे.

तुझी रिकामटेकडी आत्या

---

२२ जानेवारी

प्रिय आत्या,

पत्र आठवड्याच्या बोटीने आलं. धक्क्यावरच फोडलं आणि तिथेच बसून वाचलं. हसले नाही. थोडी हसले.

कानाचं असं, की पहिल्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे आतून कान मोकळे होतात. दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग नाही, दुखायच्या आधीच फुंकायचं. नव्या लोकांना हे पटत नाही. दाढ नीट भरलेली असेल तर काही होत नाही, पण दंतवैद्याला एकदा दाखवून घे. शिंक तोंडातल्या नळीतून बुडबुडे होऊन जाते, फक्त नळी दातात घट्ट धरून ठेवायची. मासे बघतात. काही तर मास्कच्या काचेत स्वतःलाच बघायला येतात. आणि रडू आलं तर मास्कमध्ये पाणी साचतं, पण मास्कमध्ये पाणी सगळ्यांच्याच येतं, ते कुठलं हे कोणी विचारत नाही.

तुला न थांबता दोनशे मीटर पोहता आलं पाहिजे, कसंही चालेल, आणि दहा मिनिटं हातपाय न मारता तरंगता आलं पाहिजे. सोबत तब्येतीचा फॉर्म आहे. प्रत्येक प्रश्नापुढे हो किंवा नाही. नीट वाचून भर.

एक गोष्ट आधीच सांगते. तुला मी शिकवणार नाही, आमच्या डायव्हिंग केंद्राचे मोठे मास्तर शिकवतील. नात्यातल्या माणसाला शिकवू नये असा आमच्याकडे नियम आहे.

ये. खोलीची खिडकी पाण्याकडे उघडते.

तुझी,
बेडकी

---

३ फेब्रुवारी

बेडके,

नियम चांगला आहे. तुझ्या आजोबांनी मला सायकल शिकवली होती, त्याची खूण अजून कोपरावर आहे.

तुला पहिलं पत्र टाकलं त्याच आठवड्यात तरण तलावावर नाव घातलं. सकाळी सातला बायकांची वेळ. शिकवणारी बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, अंगाने भरलेली, गळ्यात शिट्टी. पहिल्या दिवशी तिने मला कठड्याला धरून पाय मारायला लावले. अर्धा तास पाय मारले आणि कठडा होता तिथेच राहिला. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, हात सोडा. मी तिला विचारलं, पाणी माणसाला वर का ढकलतं ते मला माहीत आहे, त्याचं सूत्रही पाठ आहे, मग माझे हात का सुटत नाहीत? ती म्हणाली, "सूत्र हातांना सांगितलंत का?" मला ती बाई आवडली.

आता हात सुटलेत. पंचवीस मीटर जाते, मग भिंतीला कवटाळते. तरंगणं मात्र लगेच जमलं. कान पाण्यात बुडले की बाहेरचं सगळं बंद होतं आणि आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येतो. माझा श्वास इतका आवाज करतो हे मला सत्तावन्न वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

कान मोकळे करायचा सराव लिफ्टमध्ये करते. शेजारच्या वकीलबाईंना वाटतं की त्या लिफ्टमध्ये आल्या की मी नाक धरते. त्यांना समजावून सांगायचं राहून गेलंय.

दाढ दाखवली, ठीक आहे. फॉर्म भरून सोबत पाठवते. सगळीकडे नाही, नाही, नाही. माणूस म्हणून मी अगदी कोरी निघाले.

आता माझा एक प्रश्न. मागच्या वर्षीची तुझी पत्रं परवा पुन्हा काढून वाचली. एकात तू आठ पायांच्या कुठल्याशा प्राण्याबद्दल अडीच पानं लिहिलंयस, तो शिंपल्याचं दार लावून घरात बसतो म्हणून. एकात कासव. या पत्रात फक्त नियम आणि दाढा. हल्ली खाली काय दिसतं?

आत्या

---

१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फॉर्म मिळाला. पंचवीस मीटर म्हणजे छान प्रगती.

सध्या गर्दीचे दिवस आहेत. मी जास्त करून टाक्या भरायच्या खोलीत असते. कॉम्प्रेसर दिवसभर धडधडतो, कानाला टोप्या लावून बसावं लागतं. दाबाचा काटा दोनशेपर्यंत आला की बंद करायचं, टाकी बाजूला, दुसरी लावायची. बाकी नोंदी, बोटीच्या वेळा, लोकांच्या मापाचे पोशाख काढून ठेवणं. खाली नेहमीचंच दिसतं.

येताना उन्हासाठी पूर्ण बाह्यांचं काहीतरी आण. तब्येत खरंच ठीक आहे ना? श्वास, छाती, वगैरे? फॉर्म भरताना लोक घाई करतात म्हणून विचारते.

बेडकी

---

२ मार्च

बेडके,

तब्येत ठणठणीत आहे. शंभर मीटर पोहते. शिट्टीवाल्या बाईने काल पहिल्यांदा शिट्टी न वाजवता नुसती मान हलवली.

पण आज पोहण्याबद्दल लिहायला बसले नाही. माझं काम आयुष्यभर एकच होतं, काटा जे दाखवतो त्यापेक्षा आत काय चाललंय ते ओळखायचं. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. समुद्रात राहणाऱ्या मुलीच्या पत्रात पाणी कुठेच नाही. टाक्या आहेत, कॉम्प्रेसर आहे, बाह्यांचा सदरा आहे. "खाली नेहमीचंच दिसतं" हे वाक्य तुझं नाही. तुला नेहमीचं असं कधी काही दिसलेलंच नाही.

त्याचा मी असा अर्थ लावला. तुझ्या तिथल्या मंडळींसमोर गुडघे दुखणारी, प्रश्न विचारून डोकं खाणारी आत्या मिरवायला तुला संकोच वाटतोय. म्हणून मोठे मास्तर, म्हणून नियम, म्हणून दोन वेळा तब्येतीची चौकशी. तसं असेल तर सरळ सांग. मी रागावणार नाही. म्हणजे दोन दिवस रागावेन, मग विसरेन. तिकीट अजून काढलेलं नाही.

तसं नसेल तर काय आहे, तेही सांग.

आत्या

---

२८ मार्च

आत्या,

दोन बोटी पत्राशिवाय गेल्या. रोज लिहायला बसत होते.

तुझी लाज मला कधीच वाटली नाही. नात्यातल्या माणसाचा तो नियम मी त्या दिवशी बनवला. असा नियम कुठेही नाही. मी गेले आठ महिने पाण्यात उतरलेली नाही. बाबांना माहीत नाही, आईलाही नाही.

मागच्या जुलैत सहा जणांना घेऊन गेले होते. त्यांत एक शाळामास्तर होता, पन्नाशीचा, गमत्या. आदल्या दिवशी फॉर्मवर सगळीकडे नाही लिहिलेलं. बोटीत तो खोकला, मग खिशातून काहीतरी काढून तोंडाशी नेलं आणि परत ठेवलं. मी ते बघितलं. मला प्रश्न पडला, आणि तो प्रश्न मी गिळला, कारण बाकीचे पाचजण पाय पाण्यात सोडून बसले होते आणि उन्हाचा चटका लागत होता.

बारा मीटरवर तो ठीक होता. वर येताना, सहाएक मीटरवर, त्याने छातीवर हात दाबला. मी त्याला धरून वर आणलं. जितकं हळू आणायला हवं तितकं हळू आणलं, हे सगळ्यांनी नंतर तपासलं, माझी चूक निघाली नाही. पाण्याच्या वर आल्यावर त्याच्या ओठांवर गुलाबी फेस होता. त्याला लहानपणापासून दमा होता. आत कुठेतरी हवा अडकली, वर येताना ती फुगली आणि फुप्फुसाला चीर गेली. बोटीतून धक्क्यापर्यंत चाळीस मिनिटं मी त्याच्या तोंडावर ऑक्सिजन धरून बसले होते. तो वाचला. दीड महिना रुग्णालयात होता. बायकोने पत्र पाठवलं, त्यात माझे आभार मानले होते. ते पत्र मला पूर्ण वाचवत नाही.

त्यानंतर मी पोशाख घातला की कमरेइतक्या पाण्यापर्यंत जाते. मग श्वास लहान लहान होत जातो आणि मी परत येते. केंद्राच्या मालकीणबाई चांगल्या आहेत, काही विचारत नाहीत. मला टाक्यांच्या खोलीत बसवलंय. तुझा फॉर्म मी तीन वेळा वाचला. तुझ्या अक्षरातले सगळे "नाही" इतके सरळ रेषेत आहेत की मला बरं वाटलं.

आता तुला यावंसं वाटत नसेल तर मला समजेल.

बेडकी

---

९ एप्रिल

बेडके,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. चहा उतू गेला, शेगडी विझली.

त्या फॉर्मवरचा नववा प्रश्न, फुप्फुस कधी मिटलं होतं का, छातीची शस्त्रक्रिया झाली होती का. त्याच्यापुढे मी नाही लिहिलं. ते खोटं आहे.

मी चोवीस वर्षांची होते, तुझा जन्म व्हायला बरीच वर्षं होती. बसथांब्यावर उभी होते, काही उचललं नाही, पडले नाही, आणि डाव्या बाजूला कोणीतरी सुरी फिरवावी तसं झालं. फुप्फुस आपोआप मिटलं होतं. उंच, किडकिडीत माणसांना कधीकधी होतं म्हणाले. बरगड्यांमधून नळी घालून सतरा दिवस ठेवलं. तुझा बाबा तेव्हा कॉलेजात होता, रोज माझ्या खाटेशी बसून अभ्यास करायचा. जानेवारीत तो गप्प झाला तो यासाठी. नंतर त्याने विचारलं, "ताई, आणि ती छाती?" मी म्हटलं, त्याला तेहतीस वर्षं झाली, आता ती गोष्ट तू काढू नकोस. त्याने काढली नाही. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याला शपथ घातली होती.

फॉर्म भरताना मी त्या चौकोनाशी थांबले होते. हो लिहिलं तर ते मला घेणार नाहीत हे मला कळत होतं. मला इतकं जायचं होतं की मी स्वतःला सांगितलं, जुनं झालं, भरून आलं. बत्तीस वर्षांत मी एका गेजवर खोटं लेबल लावलं नाही. साहेबांनी एकदा घाई केली तेव्हा त्यांच्या हातातून गेज काढून घेतला होता. आणि पहिल्यांदा स्वतःचा काटा वाचायची वेळ आली तेव्हा मला हवा तो आकडा लिहिला. तुझ्या हातात दिला. तो तीन वेळा वाचून तुला बरं वाटलं, हे मला सगळ्यांत जास्त लागलंय.

परवा छातीच्या डॉक्टरांकडे गेले. फोटो काढले. डॉक्टर तरुण आहेत, समजावून सांगायची हौस असलेले. मला वाटलं होतं दाबामुळे धोका असेल, म्हणजे खाली जाताना. ते म्हणाले, खाली जाताना नाही, वर येताना. दाब कमी होतो तेव्हा. ज्या फुप्फुसावर एकदा पातळ जागा झाली तिथे हवा फुगली तर ती पुन्हा फाटू शकते, आणि पाण्यात ते झालं तर वर येईपर्यंत वेळ नसतो. मी विचारलं, पाच मीटर? नाही. तीन? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आजी, टाकी लावून एक मीटरही नाही. कधीच नाही." आजी म्हणाले, तेही असो.

घरी येऊन रडले. मग तुझ्या त्या शाळामास्तरांचा विचार करत बसले. त्यांनाही इतकंच जायचं असेल. म्हणून तू बोटीत विचारलं असतंस तरी त्यांनी खरं सांगितलं असतं असं मला वाटत नाही. मी खोटं बोलले ती वाईट माणूस म्हणून नाही, आणि तेही नसतील. तुझ्यावरचा भार याने हलका होतो का ते मला माहीत नाही. मला फक्त तुला सांगायचं होतं, दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस काय करत असतो.

फॉर्म फाडून टाक.

आत्या

---

२० एप्रिल

आत्या,

फाडला नाही. परत पाठवतेय, सोबत कोरा. खरा भर आणि पाठव, मला तो माझ्या फायलीत हवाय.

आधी राग आला. टाक्यांच्या खोलीत कॉम्प्रेसर चालू असताना मोठ्याने बोललं तरी कोणाला ऐकू येत नाही, तिथे तुला काय काय बोलले ते लिहीत नाही. तू आली असतीस, मोठ्या मास्तरांबरोबर खाली गेली असतीस, आणि मी बोटीच्या वेळांची वही घेऊन धक्क्यावर उभी असते. हे चित्र दोन दिवस डोळ्यांसमोरून हललं नाही.

मग तिसऱ्या दिवशी वेगळंच सुचलं. नऊ महिने मी त्या शाळामास्तरला मनातल्या मनात एकच विचारतेय, का नाही सांगितलंस? त्याचं उत्तर मला कधी मिळणार नव्हतं. ते तुझ्या पत्रात आलं, दोन पानं, तुझ्या बारीक अक्षरात. त्या रात्री मी त्याच्या बायकोचं पत्र शेवटपर्यंत वाचलं. शेवटी तिने लिहिलंय की तो पुन्हा शाळेत जायला लागलाय आणि मुलांना समुद्राबद्दल जरा फुगवून सांगतो.

तू ये. टाकी नाही, पण मास्क आणि स्नॉर्कल, म्हणजे श्वासाची वाकडी नळी, लावून पाण्यावर तरंगता येतं, तोंड पाण्यात, पाठ उन्हात. आमच्या धक्क्याच्या उजवीकडे प्रवाळाचा उथळ भाग आहे, पाणी इतकं स्वच्छ की आठ मीटरवरचा तळ वरून दिसतो. त्याला चालेल का, हे तुझ्या त्या तरुण डॉक्टरांना विचार आणि ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिही. जसंच्या तसं.

बेडकी

---

१ मे

बेडके,

जसंच्या तसं लिहिते. डॉक्टर म्हणाले, "वर तरंगायला हरकत नाही. बुडी मारायची नाही, दम लागेल इतकं पोहायचं नाही, दुखलं की बाहेर. आणि यावेळी सगळं खरं सांगा." शेवटचं वाक्य मी त्यांना सगळी हकीकत सांगितली म्हणून आलं. फॉर्म सोबत आहे. नवव्या प्रश्नापुढे हो. खाली जागा कमी पडली म्हणून मागच्या पानावर लिहिलंय.

काल दोनशे मीटर पूर्ण केले. शिट्टीवाल्या बाईला सांगितलं की आता याची गरज उरलेली नाही. ती म्हणाली, मग पोहलात कशाला? मी टोपी पिळत राहिले. तिने विचारलं, उद्या येणार? म्हटलं, येणार.

अठरा तारखेचं तिकीट काढलंय. तुझ्या बाबानेही काढलं असतं, पण मी म्हटलं पहिल्या खेपेला मी एकटी जाते. तुझी गोष्ट त्याला मी सांगितलेली नाही, ती तू सांग, तुला वाटेल तेव्हा.

एक विचारते, ढकलत नाही. मी वर तरंगत असेन तेव्हा आठ मीटर खाली काय आहे ते मला वरून दिसेल, पण अर्धवट. दगडाखाली कोण बसलंय, कपारीत काय हलतंय, ते कोणीतरी वाकून बघायला हवं. ते काम मोठे मास्तर करतील तरी चालेल. पण ते अडीच पानं लिहितील असं वाटत नाही.

आत्या

---

९ मे

आत्या,

फॉर्म फायलीत लावला. मागच्या पानासकट.

सोमवारी मालकीणबाईंना म्हटलं, माझ्याबरोबर याल का. त्यांनी हातातला चहा तसाच ठेवला आणि पोशाख काढायला गेल्या. पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत, तिथेच बसलो, त्यांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या तक्रारी सांगितल्या. मंगळवारी कमरेपर्यंत. श्वास लहान व्हायला लागला तेव्हा त्यांनी मला परत फिरवलं नाही, नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि तो हळूहळू पुन्हा लांब झाला. बुधवारी टाकी पाठीवर घेतली, मास्क लावला आणि दोरीला धरून अडीच मीटरवर वाळूत बसले. अकरा मिनिटं. एक चिमुकला खेकडा माझ्या पायातल्या फिनवर चढला, पार टोकापर्यंत गेला, त्याने खाली बघितलं, आणि त्याला उंची मानवली नसावी, कारण तो उलट्या पावलांनी परत आला. त्याचं आणखी बरंच सांगायचंय, पण बोट उभी आहे आणि पत्र नेणारा घाई करतोय.

आठ मीटर अजून झालेले नाहीत. काल पाच झाले. वचन देत नाही, रोज सकाळी जाते एवढं सांगते.

अठराला तुझी बोट साडेदहाला लागेल. उतरताना डाव्या बाजूची पायरी निसरडी आहे, उजवीकडून उतर. मी धक्क्यावर असेन. पाण्यातूनच आलेली असेन, म्हणून मिठी मारलीस तर भिजशील.

बेडकी